मोंटे कार्लोचे आठ तास

मोंटे कार्लोला जाऊन आलो असे कोणाला सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग, खेळलात की नाही?" काशीहून आलेल्याला "गंगेत बुडी मारलीत ना?" असे जितक्या सहज विचारतात, तितक्याच सहज. मीही निघण्यापूर्वी पुण्याच्या आमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींना तोंड भरून सांगून ठेवले होते की, "पन्नास युरो बाजूला काढले आहेत. मोंटे कार्लोच्या चक्रावर लावणार, आणि हरून का होईना पण लावणार!" निवृत्त बँकवाल्याच्या तोंडून हे ऐकून मंडळी चाट पडली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशाची पैपैची नोंद ठेवलेल्या माणसाला एवढी मिजास तरी परवडायला हवी, असा माझा हिशेब होता.

आता खरे काय झाले ते सांगतो.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही तिघे जण बार्सिलोनाला आगबोटीवर चढलो. तिघे म्हणजे मी, सौभाग्यवती, आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्काला त्या वेळी एकोणऐंशी वर्षे पुरी झाली होती. बडोद्याच्या शाळेत तिने तीस-बत्तीस वर्षे गणित शिकवले. तिच्या हाताखालून गेलेली मुले आज अमेरिकेत म्हातारी होत आहेत, पण भेटली की अजून पाढे म्हणायला सांगेल की काय या धाकाने उभी राहतात. "मला बोट लागेल, मला तुमचे ते जेवण चालायचे नाही," असे ती दोन महिने म्हणत होती. बोट तिला लागली नाही; मला लागली. जेवणाचा प्रश्न तिने आपल्यापुरता सोडवला होता. तिच्या पेटीत मेथीचे ठेपले, लसणाची चटणी आणि नारळाच्या वड्यांचा एक पत्र्याचा डबा होता.

आदल्या दिवशी मार्सेय झाले. १९१० च्या ८ जुलैला सावरकरांनी बोटीतून उडी घेतली ती या बंदरात. आक्का कठड्याला धरून बराच वेळ खालचे पाणी बघत उभी होती. त्याबद्दल लिहायचे तर वेगळे लिहावे लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत मोनॅको उभे होते. पाठीशी फ्रान्सचे करडे डोंगर, पायथ्याशी समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एकाच्या डोक्यावर एक अशा इमारती रचलेल्या. जागा संपली म्हणून माणसांनी माळ्यावर ट्रंका रचाव्यात तशा. सगळ्या देशाचा विस्तार दोन चौरस किलोमीटरच्या आसपास. आक्काच्या हिशेबाने साडेचार सयाजीबागा! जगात याहून लहान देश एकच, तो व्हॅटिकन. वस्ती अडतीस-एकोणचाळीस हजार. त्यांतले खरे मोनॅकोवासी चौथा हिस्सा. बाकीचे बाहेरून येऊन राहिलेले धनवंत, कारण इथे १८६९ सालापासून प्राप्तिकर नाही. (फ्रेंच लोकांना मात्र ही सवलत नाही. शेजाऱ्याचे कान फ्रान्सने वेळीच धरलेले आहेत.)

आम्ही उतरलो तो धक्काच मुळी तरंगता आहे. साडेतीनशे मीटर लांबीची काँक्रीटची ही भिंत दक्षिण स्पेनमध्ये अल्जेसिरासला बांधली आणि २००२ साली समुद्रातून ओढत इथे आणून एका टोकाला प्रचंड लोखंडी उखळीसांध्याने किनाऱ्याला जोडली. माणसाच्या खुब्याचा सांधा असतो ना, तसाच. तिच्या पोटात मोटारी ठेवायची जागासुद्धा आहे. आक्का म्हणाली, "बाई, माझ्या खुब्यापेक्षा बरा दिसतोय." खरे सांगायचे तर मला मोनॅकोतल्या सगळ्या राजवाड्यांपेक्षा ही भिंत अधिक आवडली. जागा नाही म्हणून रडत बसण्याऐवजी ही माणसे समुद्राकडून जागा उसनी घेतात. आम्ही गेलो तेव्हा किनाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला भर घालून सहा हेक्टरांची नवी वसाहत उठवण्याचे काम चालू होते. डिसेंबर २०२४ मध्ये तिचे उद्घाटन झाले.

बंदरातल्या खासगी नौकांविषयी काय लिहावे? एकेका नौकेवर हेलिकॉप्टर बसलेले, आणि चार चार खलाशी पितळ घासत असलेले. मालक कुठेच दिसेना. सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, हे लोक नौकेवर राहतात कधी?" मी म्हटले, "राहायला वेळ मिळाला तर नौका घेता येणार नाही."

खडकावरच्या जुन्या गावात जायला डोंगराच्या पोटातून सरकते जिने आणि उद्वाहने आहेत, तीही फुकट. आम्ही वर निघालो ते थेट सागरी संग्रहालयाच्या दारात. पहिला आल्बर्ट हा राजा समुद्रशास्त्राचा खरा अभ्यासक होता. राज्य लहान पडले म्हणून की काय, त्याने आयुष्य समुद्राला वाहिले आणि १९१० साली हा दगडी महाल कड्याच्या टोकावर उभा करून लोकांना खुला केला. पुढे १९५७ पासून तीस वर्षांहून अधिक काळ झाक कुस्तो त्याचा संचालक होता. आत जायचे म्हणजे दोन तास हवेत आणि आक्काचे गुडघे हवेत. दोन्ही नव्हते. बाहेरूनच कड्याखाली आपटणारे पाणी पाहिले आणि बागेतून पुढे निघालो.

सौभाग्यवतींना घाई होती ती ग्रेस केलीच्या समाधीची. त्यांच्या माहेरी म्हणे तिच्या लग्नाच्या चित्रांचे मासिक जपून ठेवलेले होते. १९५६ च्या एप्रिलात ही हॉलीवुडची नटी राजा रेनिएला वरून इथे आली आणि तिचे चित्रपट संपले. १९८२ च्या सप्टेंबरात डोंगरातल्या वळणावर तिची मोटार कोसळली आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. पांढऱ्या दगडाच्या त्या प्रार्थनामंदिरात राजघराण्याच्या फरशा अर्धवर्तुळात ओळीने बसवलेल्या आहेत. सगळ्या सारख्या. फक्त एकीपाशी फुले. तिच्यावर लॅटिनमध्ये ग्रातिया पात्रिसिया असे नाव कोरलेले आहे. शेजारी २००५ साली गेलेला नवरा. सौभाग्यवती दोन मिनिटे मान खाली घालून उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाल्या, "बावन्न वर्षांची होती हो."

राजवाड्याच्या चौकात बरोबर अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी पहारा बदलतो. पांढऱ्या गणवेशातले शिपाई ताशाच्या तालावर येतात, जातात. गर्दी चिकार. आम्हाला पुढच्याच्या टोप्या दिसल्या. चौकात एका संन्याशाचा पुतळा आहे, त्याच्या झग्याखाली तलवार. हा फ्रान्स्वा ग्रिमाल्दी. १२९७ च्या जानेवारीत तो भिक्षूच्या वेषात किल्ल्याच्या दाराशी आला, आत शिरला आणि किल्ला घेतला. घराण्याच्या राजचिन्हावर आजही तलवारी उगारलेले दोन भिक्षू आहेत. आमच्याकडे असे पराक्रम करणारे पुढे थोडे तरी लपवतात. इथे त्यांनी ढालीवर काढून ठेवले आहेत!

दुपारी एकच्या सुमारास बसने मोंटे कार्लोच्या टेकडीवर पोहोचलो. सकाळी तिकीट काढून कॅसिनोची दालने नुसती बघता येतात, पण ती वेळ टळली होती. खेळ सुरू व्हायचा दोन वाजता. चौकासमोरच्या बागेत एक बाक मिळाला. आक्काने पिशवीतून ठेपले काढले. जगातल्या सर्वात महाग चौकांपैकी एका चौकात, समोर कोट्यवधींच्या मोटारी उभ्या असताना, आम्ही ठेपले आणि लसणाची चटणी खाल्ली. कोणी काही म्हणाले नाही. समोरच्या उपाहारगृहातल्या कॉफीची किंमत मी नव्वदने गुणून पाहिली होती. त्यामुळे ठेपल्यांना विशेष चव आली.

चौकाच्या मध्यभागी एक मोठा अंतर्वक्र आरसा उभा आहे, त्यात आकाश आणि कॅसिनो दोन्ही दिसतात. हा अनिश कपूरचा. १९५४ साली मुंबईत जन्मलेला हा शिल्पकार आता जगाचा झाला आहे. 'मुंबईचा आहे हो आमच्या,' असे मी शेजारच्या एका जर्मन जोडप्याला सांगितले. त्यांना ते फारसे महत्त्वाचे वाटलेले दिसले नाही.

आता थोडा इतिहास सांगणे भाग आहे. मोनॅकोचे राज्य पूर्वी इतके लहान नव्हते. पूर्वेकडची मेंतों आणि रोकब्रून ही गावे त्यातच होती, आणि मेंतोंच्या लिंबांवर आणि ऑलिव्हच्या तेलावर राजाचे घर चाले. कर असह्य झाले तेव्हा १८४८ मध्ये ती गावे उठली आणि वेगळी झाली. १८६१ साली राजाने चाळीस लाख फ्रँक घेऊन त्यांच्यावरचा हक्क फ्रान्सला सोडून दिला. हाती उरला तो खडक. मग काय करायचे? फ्रान्समध्ये जुगाराला बंदी, इटलीकडेही अडचण; तेव्हा आपण जुगाराचे घर घालावे, असे ठरले. पहिले प्रयत्न फसले. १८६३ मध्ये जर्मनीतल्या होम्बुर्गचा अड्डा गाजवलेल्या फ्रान्स्वा ब्लाँला पन्नास वर्षांचा मक्ता दिला. ब्लाँने कंपनी काढली, तिचे नाव ठेवले 'समुद्रस्नान कंपनी'! आजही तेच नाव चालते. जागेचे मूळ नाव गुहांवरून पडलेले होते, ते जुगाऱ्यांना अपशकुनी वाटेल म्हणून की काय, १८६६ मध्ये राजा चार्ल्सच्या नावावरून मोंटे कार्लो केले. १८६८ मध्ये आगगाडी आली. १८६९ मध्ये राजाने प्रजेचा कर माफ केला. पॅरिसची ऑपेरा बांधणाऱ्या गार्न्येने इथेही नाट्यगृह बांधले, ते १८७९ च्या जानेवारीत उघडले. तांबडा कधी जिंकतो, काळा कधी जिंकतो, पण ब्लाँ मात्र नेहमीच जिंकतो, असे लोक म्हणू लागले. फ्रेंचमध्ये ब्लाँ म्हणजे पांढरा. १८८२ च्या मे महिन्यात प्रकृतीसाठी हवापालट करायला इथे कोण येऊन राहिला होता? कार्ल मार्क्स!

हे सारे मी आक्काला बाकावर बसून वाचून दाखवीत होतो. शेवटचा कलम वाचला, "मोनॅकोच्या स्वतःच्या नागरिकांना या जुगारघरात खेळायला कायद्याने मनाई आहे."

आक्का ठेपला खाता खाता थांबली. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले.

"म्हणजे यांना ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

ती काही बोलली नाही. मग तिने अचानक विचारले, "सीतादेवींचं घर इथंच होतं ना रे?"

बडोद्याच्या माणसाला मोंटे कार्लो म्हटले की ते नाव आठवतेच. प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९४३ मध्ये सीतादेवींशी दुसरा विवाह केला. पुढे त्यांनी मोंटे कार्लोला बिऱ्हाड थाटले. १९५१ मध्ये भारत सरकारने महाराजांना पदावरून दूर केले. बडोद्याच्या जवाहिरातला बराच भाग या किनाऱ्यावर आला. त्यातच तो मोत्यांचा गालिचा. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मदिनेला अर्पण करण्यासाठी करविला होता म्हणतात. पण महाराज १८७० मध्ये निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पंधरा लाखांवर बसराई मोती, शिवाय हिरे, माणके, पाचू. २००९ साली दोहाच्या लिलावात तो पंचावन्न लाख डॉलरांना गेला. आमचे आजोबा नजरबागेत तो पाहिल्याचे सांगत. "मोती नव्हते रे, दूध सांडलं होतं," असे त्यांचे वाक्य घरात ठरलेले होते.

मी म्हटले, "एवढी संपत्ती! बडोद्याची. वाईट वाटतं ऐकून."

"मला नाही वाटत," आक्का म्हणाली. "राजाची होती, राजानं घालवली. मला वाईट वाटतं ते आईच्या पाटल्यांचं."

"कुठल्या पाटल्या?"

सौभाग्यवती उठून आरशाचे छायाचित्र काढायला गेल्या. त्यांना अशा गोष्टी आधी कळतात.

इथे वाचकांना एक सांगायला हवे. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात पत्ते नव्हते. नाताळच्या सुट्टीत नाही, कोजागिरीला नाही, कधीच नाही. बडोद्याला श्रावणात साताम-आठमला गल्लोगल्ली जुगार चाले. भली भली माणसे रात्र रात्र बसत. आमचे वडील मात्र त्या रात्री घरात दिवा लावून वाचत बसत. वडील तत्त्वाचे, असे मी जन्मभर सांगत आलो. माझ्या मुलांना सांगितले. बँकेतल्या निरोपसमारंभाच्या भाषणातही सांगितले, आणि टाळ्या घेतल्या.

आक्काने जे सांगितले ते असे. १९५४ चा श्रावण. ती दहा वर्षांची, मी तीन. जन्माष्टमीच्या रात्री आईने तिला कंदील देऊन शेजारच्या वाड्यात पाठवले, बाबांना बोलावून आण म्हणून. माडीवर सात-आठ माणसे तीनपत्ती खेळत होती. बाबांनी वर पाहिलेच नाही. "पान उचलायच्या आधी ते अंगठा धोतराला पुसायचे," आक्का म्हणाली. "पुन्हा पुन्हा. मी दारात उभी. त्यांनी तीन वेळा पुसला तेवढा मला दिसला. मग मी परत आले आणि आईला सांगितलं, येताहेत म्हणून."

त्या महिन्यानंतर आईच्या हातात काचेच्या बांगड्याच राहिल्या. पाटल्या 'दुरुस्तीला दिल्या' होत्या. त्या दुरुस्त होऊन कधी आल्या नाहीत. पुढे एके सकाळी बाबांनी पत्त्यांचा जोड बंबात घातला. आक्का म्हणाली, "पाणी काही त्यानं जास्त तापलं नाही."

मला आईचे हात आठवले. हिरव्या बांगड्यांचे. आईला सोन्याची आवड नव्हती असेही मी जन्मभर सांगत आलो होतो.

"मला कधी का नाही सांगितलंस?"

"तुला ते आवडायचे," ती म्हणाली. "आणि मलाही आवडायचे, म्हणून."

दोन वाजले होते. मी म्हटले, "चला, बोटीवर परत जाऊ."

"का? मला आत जायचंय. ज्या देवळात माणसं नागवली जातात ते देऊळ कसं आहे ते बघू तरी दे. पारपत्र घेतलंयस ना?"

आत गेलो. पारपत्र तपासणारा तरुण आक्काच्या सुती पातळाकडे आणि खालच्या कापडी बुटांकडे क्षणभर बघत राहिला आणि मग त्याने एखाद्या राणीला वाट द्यावी तशी कमरेत वाकून वाट दिली. प्रवेशाच्या दालनात ऑनिक्स दगडाचे अठ्ठावीस खांब. वर रंगवलेले छत, सोन्याचा मुलामा, भल्यामोठ्या हंड्या. कुठे आरडाओरडा नाही, कुठे हसणे नाही. मला वाटले होते चित्रपटातल्यासारखे काही असेल. एखाद्या मोठ्या बँकेच्या मुख्य कचेरीत वरिष्ठ येणार असले की जशी शांतता असते, तशी ती शांतता होती.

एका चक्राभोवती पाच-सहा जण. चक्राला सदतीस खण: एक ते छत्तीस आणि एक शून्य. आक्काने मला मान्य करायला लावले की आकडा लागला तर पस्तीस पट मिळतात आणि लावलेले परत. मग ती हळूच म्हणाली, "सगळ्या खणांत एक एक रुपया ठेवला तर सदतीस गेले, छत्तीस आले. दर फेऱ्याला एक मालकाचा. यात नशीब कुठं आलं? हे तर व्याज आहे." चौथीच्या मुलाला समजेल अशा रीतीने तिने ब्लाँसाहेबांचा सगळा संसार उलगडून दाखवला. शेकडा दोन पूर्णांक सात, मी मनात हिशेब केला. आमच्या बँकेने यापेक्षा कितीतरी जास्त घेतले, पण दर मिनिटाला नव्हे.

मी तिला १९१३ च्या १८ ऑगस्टची गोष्ट सांगितली. त्या रात्री इथल्याच एका चक्रावर लागोपाठ सव्वीस वेळा काळा आला. पंधराव्या फेरीनंतर लोक तांबड्यावर वेड्यासारखे पैसे ओतू लागले, आता तांबडा यायलाच हवा म्हणून. लाखो फ्रँक बुडाले. आक्का म्हणाली, "चक्राला काय आठवतंय मागचं? आठवतं ते माणसाला."

आम्ही भिंतीशी उभे होतो. टेबलाच्या कडेला एक म्हातारा गृहस्थ बसला होता. चांगला कोट, पण बाह्या झिजलेल्या. समोर एक लहान वही, तीत आकड्यांचे स्तंभ. प्रत्येक फेरीला तो आकडा टिपायचा, पाच-सहा फेऱ्या थांबायचा, मग एक सोंगटी सरकवायचा. चक्र फिरले की उजव्या हाताचा अंगठा कोटाच्या कडेला पुसायचा. एकदा. पुन्हा एकदा.

मी आक्काकडे पाहिले. तिने ते माझ्या आधी पाहिलेले होते.

किती वेळ उभे होतो कोण जाणे. अर्धा तास असेल. तो एकदा जिंकला. काहीतरी बरीच रास त्याच्यापुढे आली. त्याने ती पाहिलीसुद्धा नाही, वहीत आकडा लिहिला. पुढच्या पंधरा मिनिटांत रास गेली, तेव्हाही त्याने तसाच आकडा लिहिला.

"मला इतकी वर्षं वाटत होतं," आक्का म्हणाली, "की बाबांना तिथं मजा येत असेल. आम्ही घरी वाट बघत असू आणि त्यांना तिथं मजा येत असेल, याचाच राग होता मला. या माणसाला मजा येत नाहीये रे."

खिशातली पन्नासाची नोट मी हातात धरून ठेवली होती; ती घामाने ओली झाली होती. आक्काने ती पाहिली. "लावायची तर लाव," ती म्हणाली. "मी काही म्हणणार नाही. सदतिसांतला एक आहे." मी लावली नाही. तत्त्व वगैरे काही नाही. त्या वेळी हात पुढे होईना, इतकेच.

बाहेर कडक ऊन होते. सौभाग्यवती आरशासमोर आमची वाट बघत उभ्या होत्या. "वन्सं, खेळलात का?" त्यांनी विचारले. आक्का म्हणाली, "नाही गं. गणित तपासून आले." मग तिने मला फर्मावले की त्या पन्नासांतून आता समोर कॉफी पाजायची, तिघांना, नव्वदने न गुणता. पाजली. कॉफी बेताचीच होती. आक्काने तिच्याबरोबर आलेली साखरेची पुडी तेवढी आठवण म्हणून पिशवीत टाकली.

परतताना बंदरापर्यंत उतरत उतरत आलो. याच रस्त्यांवरून १९२९ पासून मोटारींची प्रसिद्ध शर्यत होते. त्या एका वळणावर सौभाग्यवतींनी माझे छायाचित्र काढले, त्यात मी फार थकलेला दिसतो. साडेपाचला बोटीची शिडी उचलली.

राज्याच्या आजच्या उत्पन्नात जुगाराचा वाटा थोडाच राहिला आहे. सर्वांत मोठा वाटा विक्रीवरच्या कराचा, हे मी रात्री आक्काला मुद्दाम सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे सुधारले म्हणायचे," आणि सूप प्यायली. समुद्रावर तोपर्यंत अंधार पडला होता, आणि मागे मोनॅकोचे दिवे डोंगरावर सांडल्यासारखे दिसत होते. आजोबांचे दुधाचे वाक्य मला आठवले. तिलाही आठवले असावे, पण आम्ही दोघेही बोललो नाही.

बोटीवरही एक जुगारघर होते. बंदरात असताना त्याला कुलूप असे आणि बोट समुद्रात गेली की ते उघडत असे. भोजनगृहातून खोल्यांकडे जायचा रस्ता नेमका त्याच्यातूनच काढलेला. आम्ही निघालो तेव्हा यंत्रे किणकिणू लागली होती. आमची खोली आवरणारा गोव्याचा तरुण मुलगा तिथेच भेटला, कडेने लगबगीने टॉवेल घेऊन चालला होता. आक्काची आणि त्याची पहिल्या दिवसापासून गट्टी होती.

"मावशी, पाहिलात काय मोंटे कार्लोचा कसिनो?"

"पाहिला. तू खेळतोस का रे इथं?"

तो हसला. "आमकां खेळपाक मेळना, मावशी. बोटीवर काम करतलल्यांक बंदी. नेमच तसो."

आक्काने माझ्याकडे पाहिले. मग त्याला थांबायला सांगून खोलीत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि पत्र्याचा डबा घेऊन बाहेर येऊन तिने त्याच्या हातावर नारळाच्या दोन वड्या ठेवल्या.